पायरी शून्य

“दादा, तुमच्या पानात लिहिलं आहे तसंच करून राहिलो, पण रिले काही जुळून नाही राहिला.”

आमच्या ऑफिसातला शिकाऊ पोरगा. पान टॉरच्या, म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरण्याच्या व्यवस्थेच्या, मराठी मार्गदर्शिकेचं. आम्ही काही जण फावल्या वेळात ती लिहितो. टॉरचं जाळं हौशी लोकांच्या यंत्रांवर चालतं; या यंत्रांना रिले म्हणतात. वाटेत साधारण तीन रिले लागतात. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, शेवटच्याला तुम्ही कुठे चाललात ते, आणि दोन्ही गोष्टी एकट्या कुणालाच कळत नाहीत.

ऑफिस सुटल्यावर त्याच्या नंदनवनातल्या घरी गेलो. राउटर कूलरच्या इतका जवळ की पाण्याचे शिंतोडे उडत होते. आधी तो हलवला. मग सेटिंगची फाइल उघडली. ओआर पोर्ट, म्हणजे रिलेचं बाहेरच्या जोडण्यांसाठीचं दार, ९००१; एक्झिट, म्हणजे आपल्या पत्त्यावरून इतरांना साइट्सवर सोडणं, बंद (घरच्या लाइनवर ते सुरू करूच नये), संपर्काचा ईमेल भरलेला. राउटरवर पोर्ट फॉरवर्डही केलेला, म्हणजे त्या दारावर आलेली जोडणी त्याच्या यंत्राकडे वळेल असा. तरी लॉगमध्ये तीच तक्रार, बाहेरून या पोर्टापर्यंत पोहोचता येत नाही.

फायरवॉल तपासण्यात बराच वेळ गेला. मग राउटरच्या पानावर वॅन पत्ता (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला) पाहिला. १०० ने सुरू होणारा, पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला. ब्राउझरमधून बाहेर दिसणारा पत्ता मात्र वेगळाच. म्हणजे सीजीनॅट. आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडतात म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अपार्टमेंटचा एकच फाटक क्रमांक असावा, तसं. आतून बाहेर जाता येतं, बाहेरच्याला तुमचं दार सापडत नाही. आणि रिलेला तर बाहेरूनच जोडण्या यायला हव्यात. पोरगा महिनाभर फाइल खोडत बसला असता तरी काही झालं नसतं.

मार्गदर्शिकेचा मूळ मजकूर भाड्याच्या सर्व्हरवाल्यांच्या अनुभवातून आलेला. सर्व्हरला सार्वजनिक पत्ता असतोच, मग त्याबद्दल लिहिणार कोण? ज्याला सगळं येतं त्याच्याकडून असली पानं लिहून घेण्यात हाच घोळ आहे.

त्याच टेबलावर बसून ‘पायरी शून्य’ लिहिली: राउटरवरचा आणि बाहेरून दिसणारा पत्ता जुळवून पाहा; जुळत नसेल तर इंटरनेटवाल्याकडे सार्वजनिक आयपी मागा, नाही तर स्नोफ्लेक चालवा. स्नोफ्लेक ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन म्हणून चालतं, पोर्ट उघडावं लागत नाही, आणि जिथे टॉर अडवलेलं आहे तिथल्या लोकांना त्यातून आत शिरता येतं. पोराने लगेच ते सुरू केलं.

त्याच्या बाबांनी चहा देता देता विचारलं, “यानं आमची बँक तं नाही न बंद होणार?” प्रश्न रास्त होता. रिलेंचे पत्ते जाहीर यादीत असतात आणि काही साइट्स त्या यादीतले सगळेच पत्ते सरसकट अडवतात. स्नोफ्लेकचं तसं नाही, हे त्यांना सांगितलं. रिलेच्या पानावर या अडवण्याबद्दलची ओळ पोरानेच लिहिली.

मजकूर तपासणाऱ्या सहकाऱ्याने माझे चार परिच्छेद तीन ओळींवर आणले. पोराची ओळ तशीच ठेवली.