आमची वाटचाल: उद्यमनगरातील गॅरेज आणि जुन्या कॉम्पॅक्ट एसयूव्ही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे गॅरेज २००८ साली सुरू झाले. शेजारी लेथ, समोर बोअरिंगचे काम आणि चालत जाण्याच्या अंतरावर स्पेअर पार्टची दुकाने, अशी जागा गाडीदुरुस्तीच्या धंद्याला सहजासहजी मिळत नाही. एखादा बुश, म्हणजे सांध्यात बसणारी छोटी नळी, बाजारात मिळाला नाही तर तो संध्याकाळपर्यंत शेजारच्या लेथवर करून घेता येतो, ही या भागाची जुनी ताकद आहे आणि आमचे गॅरेज तिच्याच आधाराने उभे राहिले. पहिली काही वर्षे जीप, वडापच्या (शेअर प्रवासी वाहतुकीच्या) गाड्या आणि लहान मोटारी यांच्या कामात गेली.

पुढे रस्त्यावरच्या गाड्याच बदलल्या. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोलवर १२०० किंवा डिझेलवर १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि कंपन्यांनी त्या मापात बसणाऱ्या उंच गाड्या, म्हणजे कॉम्पॅक्ट एसयूव्ही, बनवायला घेतल्या. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट, २०१६ मध्ये व्हिटारा ब्रेझा आणि २०१७ मध्ये नेक्सॉन बाजारात आली. डस्टर लांबीने या मापाबाहेरची असली तरी आमच्याकडे येणारा ग्राहक तिलाही याच गटात धरतो. या गाड्या पहिल्या मालकाकडे असेपर्यंत बहुधा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जात. पाच-सहा वर्षांनी त्या दुसऱ्या मालकाच्या हाती आल्या की आमच्या दारात उभ्या राहू लागल्या. हा दुसरा मालक म्हणजे तालुक्याच्या गावी नोकरी करणारे शिक्षक, लहान बांधकाम ठेकेदार किंवा रजेवर आलेला जवान. घरातली पहिली मोठी गाडी म्हणून त्यांनी साठवलेले पैसे आणि थोडे कर्ज तिच्यात घातलेले असते. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट आम्हाला वारंवार जाणवली: गाडीच्या किमतीची तजवीज सगळे करतात, पण पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीची कोणीच करत नाही. आमचे गॅरेज गेल्या काही वर्षांत ज्या दिशेने गेले, ते याच एका गोष्टीमुळे. पुढे दिलेले आकडे आमच्याकडचे, मजुरीसह आणि साधारण आहेत. मॉडेल आणि पार्टची बनावट यांप्रमाणे ते कमी-जास्त होतात.

कोल्हापुरातून कोकणात उतरायचे तर घाटाला पर्याय नाही. आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, सगळीकडे चढ आणि वळणे. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांत क्लचचे काम सर्वांत जास्त असते. गगनबावड्याकडचे एक गुरुजी गाडी घेऊन आले आणि म्हणाले, “दादा, चढाला इंजिन ओरडतंय, पण गाडी पुढं सरकत नाही.” गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट त्यांच्या हातात दिली. प्लेटचे रिव्हेट उघडे पडले होते आणि ती ज्यावर घासते त्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, तोंडावर निळसर काळे डाग उठले होते. लोखंड तापून निळे पडते ते अर्धा क्लच दाबून गाडी चढावर धरून ठेवल्याने, हे त्यांना तो डाग पाहूनच पटले. नुसत्या सांगण्याने पटले नसते. साध्या फ्लायव्हीलच्या गाडीत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग बदलण्याचा खर्च १० ते १५ हजार रुपयांपर्यंत येतो. काही डिझेल गाड्यांत मात्र आत स्प्रिंग बसवलेले दुहेरी फ्लायव्हील असते आणि तेही गेले असेल तर हाच खर्च ३० ते ४५ हजारांवर जातो. गाडी घेण्याआधी तिच्यात कोणते फ्लायव्हील आहे हे विचारणारा ग्राहक आम्हाला अजून क्वचितच भेटतो. एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या, गाड्यांतही आत साधाच क्लच असतो, फक्त तो दाबण्याचे काम यंत्र करते; म्हणून चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर तो तसाच जळतो. त्यात हे यंत्र, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर, बिघडले तर २० ते ४० हजारांची भर पडते.

टर्बोविषयी, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याविषयी, थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण या एका भागाबद्दल गैरसमज फार आहेत. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल जुने व घट्ट झाले, किंवा घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केले, की त्या थराला तडा जातो, बेअरिंग झिजते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो. नवा टर्बो ३० ते ५० हजारांचा असतो. चांगल्या ठिकाणी दुरुस्त केलेला १५ ते २० हजारांत मिळतो. पण ऑइल येण्याची नळी साफ न करता नुसता टर्बो बदलला तर तोही थोड्याच दिवसांत जातो. आम्ही टर्बोच्या कामात ऑइल, फिल्टर आणि ती नळी यांचे पैसे वेगळे लिहितो आणि ते नको म्हणणाऱ्याला टर्बो बसवून देत नाही. यामुळे काही कामे हातची गेली आहेत, तरी हा नियम आम्ही सोडलेला नाही.

इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचेही असेच आहे. कॉमन रेल (सर्व इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल पुरवणाऱ्या) इंजिनात इंधनाचा दाब १६०० बारच्या आसपास जातो आणि त्या दाबाखाली पाण्याचा थेंब किंवा बारीक कचरा इंजेक्टरला पुरेसा असतो. डिझेल फिल्टर हजार-दीड हजारात बदलता येतो, तर एक इंजेक्टर दुरुस्तीला चार ते आठ हजार आणि नवा घ्यायचा तर त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो. आणि असे इंजेक्टर चार असतात.

टायमिंगबाबत, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या भागाबाबत, दोन प्रकार ओळखणे गरजेचे आहे. काही इंजिनांत, उदाहरणार्थ अनेक भारतीय गाड्यांत वापरलेल्या १२४८ सीसी मल्टिजेट डिझेलमध्ये, साखळी असते. ऑइल वेळेवर बदलत राहिले तर ती दीर्घकाळ टिकते. सैल झाली की सकाळी पहिल्यांदा इंजिन चालू करताना खडखड ऐकू येते. इतर काही डिझेल इंजिनांत पट्टा असतो आणि तो किलोमीटर किंवा वर्षे यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यानुसार बदलावाच लागतो. पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप मिळून १० ते १५ हजारांत काम होते. पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात आणि हेडचे काम ५० हजारांच्या पुढे जाते. जुनी गाडी घेताना पट्टा बदलल्याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असे समजूनच चालावे.

सस्पेन्शनची कामे आमच्या जिल्ह्यात ठरलेली आहेत. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि व्हील बेअरिंग या सगळ्यांचे मिळून १५ ते २५ हजार धरले तरी पुरतात. उसाच्या हंगामात एअर फिल्टर मात्र पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट न पाहता तपासावा, कारण ट्रॉल्यांच्या मागून चालणाऱ्या गाडीत धूळ फार जाते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहराच्या खालच्या भागांत उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. जमिनीपासून २०० मिलीमीटर उंची असलेली गाडी पाण्यातून सहज निघेल, हा विश्वास अनेकांना महागात पडला. हवा ओढण्याच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये शिरले की ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा स्टार्टर मारून चालू करणे सर्वांत घातक. अशा इंजिनाचे काम लाखाच्या घरात जाते आणि इंजिन प्रोटेक्शनची पुरवणी घेतलेली नसेल तर विमा कंपनी हा खर्च बहुधा देत नाही. त्या दोन्ही वर्षी आमच्या सर्व कारागिरांनी रात्री उशिरापर्यंत थांबून गाड्या उघडल्या, ऑइल काढले, वायरिंगचे जोड वाळवले. घरात चिखल शिरलेला असताना कामावर आलेल्या या माणसांबद्दल आम्हाला वाटणारा आदर या मजकुरात नोंदवणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

पुराचा दुसरा परिणाम पाणी ओसरल्यानंतर दिसू लागला. बुडालेल्या काही गाड्या धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरे घालून बाजारात आल्या. एका कुटुंबाने घेतलेल्या अशा गाडीत दर पावसाळ्यात डॅशबोर्डवर इशाऱ्याचा नवा दिवा लागे. एकदा एअरबॅगचा, एकदा स्टिअरिंगचा. आमच्या मेस्त्रींनी ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला, तेव्हा एरवी गुंडाळलेल्या राहणाऱ्या भागावर सुकलेल्या गाळाची तपकिरी रेघ होती. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले होते आणि कार्पेटखालच्या जोडांवर हिरवट थर जमला होता. त्या गाडीवर पुढे होत गेलेला खर्च पाहून आम्ही ठरवले की गाडी घेण्याआधीची तपासणी हे आमचे स्वतंत्र काम असावे.

आज ही तपासणी आमच्या गॅरेजचा महत्त्वाचा भाग आहे. गाडी लिफ्टवर घेतो, स्कॅनर लावून सध्याचे दोष आणि दोष पुसून टाकल्याच्या खुणा शोधतो, थंड इंजिन चालू करून आवाज ऐकतो, कम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) आणि बॅटरी तपासतो, पेडलच्या रबराची झीज किलोमीटरच्या आकड्याशी जुळते का ते पाहतो. स्कॅनरने अलीकडेच दोष पुसल्याचे दिसले तर ते ठळक लिहितो. शेवटी ग्राहकाच्या हाती एक कागद देतो: लगेच करायचे काम, वर्षभरात येणारे काम आणि प्रत्येकाचा अंदाजे खर्च. सहा लाखांच्या गाडीमागे किमान ५० ते ६० हजार वेगळे ठेवावेत, असा आमचा सर्वसाधारण सल्ला असतो. कागदावरील बेरीज त्याहून फार जास्त निघाली तर किंमत कमी करून घ्यावी किंवा गाडी सोडावी, असे आम्ही स्पष्ट सांगतो. तपासणी करणाऱ्या कारागिराला गाडी विकणाऱ्याकडून एक रुपयाही घेण्याची मुभा नाही. दुरुस्तीत काढलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून ग्राहकाला परत दिला जातो आणि अंदाजापेक्षा खर्च वाढणार असेल तर काम थांबवून आधी फोन केला जातो.

आता बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे मानक पाळणाऱ्या) डिझेल गाड्या दुसऱ्या मालकाकडे येऊ लागल्या आहेत. १ एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेत सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. राजारामपुरीतून महाद्वार रोडपर्यंत आणि परत, एवढेच चालणाऱ्या गाडीत हे घडत नाही. फिल्टर तुंबतो, काजळी जाळण्यासाठी सोडलेले जास्तीचे डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसते. साफसफाई दहा-पंधरा हजारांत होते, नवा फिल्टर लाखाच्या घरात जातो. फिल्टर काढून टाकून गाडी चालवून द्या, अशी मागणी घेऊन येणाऱ्यांना आम्ही नकार देतो, कारण ते बेकायदा आहे आणि त्या धुरात आपलीच मुले शाळेत जातात. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर शहरातच फिरणाऱ्यांना आम्ही पेट्रोल गाडी सुचवतो.

या कामासाठी उद्यमनगरातील जागा अपुरी पडू लागल्याने गोकुळ शिरगावच्या बाजूला दुसरी जागा घेतली आहे. तेथे दोन लिफ्ट, इंजेक्टर तपासण्यासाठी धूळविरहित खोली आणि काजळीचे फिल्टर साफ करण्याची सोय असेल. लेथची कामे मात्र पूर्वीप्रमाणे उद्यमनगरातच होतील, आणि गाडी घेण्याआधीची तपासणी दोन्ही ठिकाणी एकाच दराने केली जाईल.