लंडनची नोकरी, हर्टफर्डशरमधलं घर

सातारा-सांगलीकडच्या मुलांना लंडनमध्ये नोकरी लागली की घराचा शोध बहुधा हॅरो-वेम्बलीत सुरू होतो आणि तिथंच संपतो. घरात लहान मूल असेल आणि ऑफिसला आठवड्यातून दोन-तीन दिवसच जायचं असेल, तर लंडनच्या उत्तरेला लागून असलेलं हर्टफर्डशर आधी बघा, असं आम्ही आग्रहानं सांगतो. ग्रीन बेल्टमुळे, म्हणजे शहराभोवती बांधकामाला मर्यादा घातलेल्या हिरव्या पट्ट्यामुळे, इथली बरीच गावं अजून एकमेकांत मिसळलेली नाहीत. गाव संपलं की शेतं लागतात, आणि सार्वजनिक पायवाट शेतातून जात असली तरी तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. अजिंक्यतारा चढणाऱ्यांना इथल्या टेकड्या बुटक्या वाटतील. पण ट्रिंगजवळच्या ॲशरिजच्या रानात एप्रिलअखेरीस ब्लूबेलच्या निळ्या फुलांनी जमीन झाकून जाते, ते एकदा बघाच.

घर बघताना भाड्याच्या आधी स्टेशन बघा. हर्टफर्डशरच्या सेंट ऑल्बन्स शहरात दोन स्टेशनं आहेत. सिटी स्टेशनवरून थेम्सलिंकची जलद गाडी साधारण वीस मिनिटांत लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला पोचते आणि तशीच पुढे फॅरिंग्डन, ब्लॅकफ्रायर्सला जाते. ॲबी स्टेशनची छोटी गाडी मात्र फक्त वॉटफर्डपर्यंत जाते, तीही एकेरी रुळावरून. म्हणून जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं वाचलं की कोणतं स्टेशन ते विचारा. वॉटफर्ड जंक्शनवरूनही जलद गाडी वीसेक मिनिटांत लंडनच्या यूस्टन स्टेशनला नेते. प्रत्येक स्टेशनला थांबणाऱ्या ओव्हरग्राउंड लोकलला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो.

रेल्वेच्या वर्षाच्या पासाची किंमत एकेका आठवड्याच्या चाळीस पासांइतकी असते. रोज जाणाऱ्याला तो परवडतो. दोन दिवसवाल्यानं फ्लेक्सी पासाचा हिशेब करावा: २८ दिवसांत कुठलेही आठ दिवस. भाडं, पास आणि कौन्सिल टॅक्स (स्थानिक कौन्सिलचा घरावरचा कर) यांची बेरीज करूनच लंडनच्या भाड्याशी तुलना करा. हा टॅक्स सहसा भाडेकरूच भरतो. घरात एकटाच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट मागून घ्यावी लागते.

आपल्या घरांना खरा त्रास होतो तो हिवाळ्यात, ओलीचा. खिडक्या बंद, कपडे रेडिएटरवर, त्यात रोजची फोडणी आणि कुकरची वाफ. ती वाफ बाहेरच्या गार भिंतीवर पाणी होऊन बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. घर बघायला गेलात की बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे हात घालून बघा. मग शेगडीवरचा पंखा लावून बाहेर जा, हवा बाहेर येतेय का बघा. कित्येक पंखे तीच हवा गाळून पुन्हा स्वयंपाकघरात सोडतात. पाणी चुनखडीतलं, जड आहे. किटलीत पांढरा थर बसतो. व्हिनेगर आणि पाणी घालून उकळा, तासभर ठेवा, थर सुटतो.

घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय साताऱ्याहून आई-वडिलांनी पैसे पाठवू नयेत. घर राखून ठेवायला जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं घेता येतं. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा झालंच पाहिजे. त्याचा कागद मागून घ्या.

मूल चार वर्षांचं झालं की पुढच्या सप्टेंबरात रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेच्या सुरुवातीच्या वर्गात जातं. अर्जाची मुदत १५ जानेवारी. बऱ्याच शाळा जवळ राहणाऱ्यांना आधी घेतात, तेव्हा शक्य असेल तर भाडेकरार त्याआधीच हातात असू द्या.