रिपोर्ट नॉर्मल आला, मग मासे मेले कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. खाडीवरची माणसं विचारतात, पत्रकार विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले नातेवाईकही विचारतात. पाण्याचा रिपोर्ट नॉर्मल, मग मासे कशाने मेले? त्यामागचा न विचारलेला प्रश्नही मला ऐकू येतो: कोणाच्या दबावाखाली लिहिलंत?

कोणाच्याही नाही. आकडे खरे होते. मासेही खरेच मेले होते. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या कशा, ते तोंडी सांगताना दर वेळी अर्ध्यावर कोणीतरी तोडतं, म्हणून आज लिहून टाकते.

कोकणातली एक खाडी. नाव देत नाही, वाद अजून मिटलेला नाही. वरच्या अंगाला रासायनिक वसाहत, खाली भोयांची वाडी. मे महिन्यात पहाटे, ओहोटीच्या वेळी फोन आला: मासे वर येऊन तोंडं उघडतायत. मी दुसऱ्या तालुक्यात होते. पोचले तोवर उन्हं चढली होती आणि भरती बरीच आत आली होती. काठाच्या चिखलात बोय, शिंगटी, कोळंबी यांचा खच. बोयीचे कल्ले उघडून पाहिले तर चिकट स्रावाने लडबडलेले. पण मासा कुजायला लागला होता, आणि कुजलेल्या कल्ल्यावरून प्रयोगशाळा काही सांगत नाही.

होडीतून मधे गेलो. बुडबुडा राहू न देता बाटली भरली, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड सोडलं. तपकिरी साका धरला. पाण्यात प्राणवायू नसता तर तो पांढरा राहिला असता. पुढे हिशेब केला तेव्हा लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर निघाला, म्हणजे मासा आरामात जगेल इतका. होडीवाले काका साक्याकडे बघत होते. पाण्यात प्राणवायू आहे, असं मी सांगितलं.

“पानी चांगला हाय, मंग मासा कशान मेला?”

“काका, हे आत्ताचं पाणी आहे.”

“मंग सकालचा पानी कुठं हाय?”

सकाळचं पाणी ओहोटीबरोबर समुद्रात गेलं होतं. बाटलीत होतं ते भरतीने आत ढकललेलं पाणी. रिपोर्टमध्ये मी नमुन्याची वेळ लिहिली, भरतीची अवस्था लिहिली, ‘हे पाणी घटनेच्या वेळचं नाही’ असंही लिहिलं. ग्रामपंचायतीतल्या बैठकीत वाचले गेले ते फक्त आकडे. नुकसानभरपाईचा अर्ज त्याच कागदाच्या आधारावर फेटाळला गेला. मासे विकून घर चालवणाऱ्या एक मावशी बाहेर पडताना म्हणाल्या, “बाय, तू नसतीस आली तर बरा झाला असता.” यावर मला आजही उत्तर देता येत नाही.

शिवाय आकडा बरोबर असला तरी त्याचा अर्थ बदलतो. अमोनियाचंच घ्या. प्रयोगशाळा बहुधा एकूण अमोनिया देते, पण मासा मारतो तो त्यातला मुक्त अमोनिया. सामू, म्हणजे पाण्याचा pH, 7 असताना त्याचा वाटा एक टक्क्याच्याही आत असतो. सामू 8 झाला की जवळजवळ दहापट, आणि पाणी तापलं की आणखी वर. कागदावर तोच आकडा, पण जानेवारीत मासा जगतो आणि मेमध्ये मरतो. आणि जे रसायन तपासण्याच्या यादीतच नाही, ते सापडणार कुठून? फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरात 1970च्या दशकात कालवांची शिंपली वेडीवाकडी जाड होऊ लागली, पिल्लं जगेनात. कारण होतं बोटींच्या तळाला लावायच्या रंगातलं ट्रायब्युटिल टिन. त्याच रसायनाने समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटतात, तीही लिटरमध्ये एखादा नॅनोग्रॅम असला तरी. नेहमीच्या पाणीतपासणीत हे दिसलं नसतं. कालवांनी दाखवलं, मग 1982 मध्ये फ्रान्सने लहान बोटींवर तो रंग वापरायला बंदी घातली.

म्हणजे पाणी सोडा, जीव बघा? असं म्हणायला मला आवडेल. पण विद्यार्थिदशेतली मी लगेच आडवी येते: आकड्याशिवाय बोलायचं नाही. मी तिला सांगते, त्या खाडीतला गाळ आम्ही नंतर उपसला. शिंपल्या जवळपास नाहीतच, नुसते कॅपिटेला जातीचे बारीक लाल किडे, जे बिघडलेल्या गाळात फोफावतात. ती म्हणते, ते गावाच्या सांडपाण्यानेही फोफावतात. कारखान्याचं नाव त्यात कुठे आहे? तिचं म्हणणं खोडता येत नाही. पण त्यामुळे मी गाळ उपसायचं थांबवणार नाही.

एका गोष्टीवर मात्र आम्हा दोघींचं एकमत आहे. सांडपाणी कितपत विषारी आहे याची परीक्षा आपल्याच पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मध्ये दिली आहे: शंभर टक्के सांडपाण्यात मासे सोडायचे, 96 तासांनी त्यातले 90 टक्के जगले पाहिजेत. ही परीक्षा पाइपाच्या तोंडाशी नेमाने घ्या, तिचे निकाल वाडीत मराठीत लावा. मासे मेल्यावर मला बोलावण्याआधी हे करा.

आता वाडीत मी बाटल्या आणि तपासणीची रसायनं देऊन ठेवली आहेत. मासा तोंड वर काढताना दिसला की त्याच क्षणी पाणी भरायचं, वेळ लिहायची, तडफडणारा मासा बर्फात टाकायचा. ताज्या माशाच्या मेंदूतल्या एका विकरावरून (एन्झाइमवरून) ठरावीक जातींच्या कीटकनाशकांचा माग लागू शकतो. हा नमुना कोर्टात टिकणार नाही. 1974च्या जल कायद्याचं कलम 21 सांगतं की अधिकाऱ्याने नोटीस द्यावी, नमुन्याचे दोन भाग करावेत, ते सीलबंद करावेत. काकांना हे मी स्पष्ट सांगितलं आहे. तरी ते बाटल्या पुसून तयार ठेवतात, कारण निदान काय शोधायचं हे त्यातून कळेल आणि पुढचा सरकारी नमुना त्यासाठी तपासून घेता येईल. मग तुम्ही विचाराल, सोडलं कोणी? वसाहतीतले अनेक कारखाने एकाच नाल्याला मिळत असतील, तर त्या बाटलीवरूनही मला एकाचं नाव घेता येईलच असं नाही.