टगची पाणरेषा

मास्किंग टेप सोलली आणि तिच्यासोबत तळहाताएवढा काळा रंग निघून आला. नुसता रंग नव्हे, त्याखालचा प्रायमरसुद्धा. आत फायबरग्लास दिसत होता, साच्यातून काढला तेव्हा होता तसाच चकचकीत. तीन आठवड्यांची मेहनत टेपला चिकटून हातात आली होती. मी दिवा बंद केला आणि त्या रात्री बोटीकडे पुन्हा पाहिलं नाही.

बोट म्हणजे बंदरात मोठ्या जहाजांना ओढणारी टग, १:५० मापाची, ६० सेंटीमीटर लांब. मोटर, सुकाणू, रिमोट हे सगळं मला जमलं होतं. रंगकाम म्हणजे शेवटचं सोपं काम, असं मी धरून चाललो होतो.

चूक कुठे झाली ते शोधायला दोन दिवस गेले. फायबरग्लासचा हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, साच्यातून सहज सुटावा म्हणून साच्याला आतून मेण लावलेलं असतं. त्याचा पातळ थर हलवर राहतो आणि डोळ्यांना अजिबात दिसत नाही. मी घाईघाईने आधी पॉलिश पेपर मारला आणि नंतर ओल्या फडक्याने पुसून घेतलं. क्रम नेमका उलटा. पेपरने पडलेल्या बारीक ओरखड्यांत ते मेण आणखी रगडलं गेलं आणि प्रायमरला धरायला काही उरलंच नाही.

सगळा रंग उतरवला. या खेपेला कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण घेऊन हल पुन्हा पुन्हा धुतला, मग मेण काढायच्या द्रावणाने पुसला. दर वेळी फडक्याची नवी घडी, कारण त्याच घडीने पुन्हा पुसलं की निघालेलं मेण परत पसरतं. मेण गेलं की नाही ते पाणीच सांगतं. हलवर पाणी ओतायचं. थेंब थेंब होऊन ते घरंगळलं तर मेण शिल्लक आहे, सलग पडद्यासारखं पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. माझ्या टगच्या मागच्या बाजूला, सुकाणूच्या वरच्या खोबणीत, चौथ्या धुण्यापर्यंत थेंब जमत होते. तो पडदा अखेर सलग पसरला तेव्हा इतका आनंद झाला की घरातल्यांना बोलावून दाखवला.

त्यानंतरच पेपर. आधी २४०, मग ४०० नंबरचा, पाण्यासोबत. मोकळ्या बोटांनी घासलं तर बोटांचे चर पडतात, म्हणून पेपर रबराच्या तुकड्याला गुंडाळून. पहिल्या प्रायमरनंतर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसू लागली. फायबरग्लासमध्ये अडकलेले हवेचे बुडबुडे फुटून ती होतात. त्यांत पुट्टी भरली, पुन्हा घासलं, पुन्हा प्रायमर. हे तीनदा झालं. करड्या प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून मग घासलं, तर खड्ड्यात काळं शिल्लक राहतं आणि उंचवटा आधी करडा होतो. या युक्तीने माझं निम्मं काम हलकं केलं.

फवारणीचं थोडक्यात सांगतो. कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवला, गरम पाण्यात कधीही नाही. हलपासून २५ सेंटीमीटर अंतर. फवारा हलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा, नाहीतर हात जिथे वळतो तिथे ओघळ येतो. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक चढते, म्हणून मी कोरडी दुपार निवडली. आणि तोंडाला फडकं बांधून भागत नाही. रंगातल्या द्रावकाची वाफ अडवायला कोळशाच्या फिल्टरचा मास्कच लागतो, आणि खिडक्या उघड्या हव्यात. यात तडजोड करू नये, अगदी एका कॅनसाठीसुद्धा.

खालचा लाल चढवताना आणखी एक ठेच लागली. कॅनवर छापलं होतं, पुढचा हात एका तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर. मी सहा तासांनी मारला आणि डोळ्यांदेखत रंगाला सुरकुत्या पडल्या. वरून सुकलेला थर आतून ओला असतो. नवा द्रावक त्यात शिरतो, थर फुगतो आणि उचलला जातो. तेवढा भाग घासून काढायला आठवडा गेला, कारण तो आधी पुरता कडक व्हावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. टगवर लाल आणि काळा जिथे भेटतात ती पाणरेषा. पहिल्या वेळी मी ती नकाशावरून मोजून ओढली होती, आणि ती चुकीचीच होती. माझी बॅटरी नकाशातल्यापेक्षा जड आहे आणि बरीच मागे बसते. म्हणून या वेळी लाल रंग सुकलेली बोट सगळ्या सामानासकट टबमध्ये सोडली. पाणी निवल्यावर पुढे, मागे आणि दोन्ही कुशींना पेन्सिलने खुणा केल्या. मग ती सपाट टेबलावर ठेवून खाली पातळ पट्ट्या सरकवत गेलो. लाकडी ठोकळ्यावर ठराविक उंचीला पेन्सिल बांधली होती, तिचं टोक चारही खुणांना टेकेपर्यंत. पाण्यात ती जशी बसली होती तशीच आता टेबलावर बसली. पेन्सिल दोन मिलिमीटर वर घेतली, म्हणजे लाटेच्या हेलकाव्यात लालची बारीक कड दिसावी, आणि ठोकळा बोटीभोवती फिरवला.

टगचा मागचा भाग पोटाखाली आत वळतो. तिथे रेषा इतकी खाली झुकल्यासारखी दिसते की मन म्हणतं, हे वाकडं आहे, सरळ करून टाक. करू नये. टेप ताणून लावली की ती स्वतःची जवळची वाट शोधते आणि रेषा सोडते. मी तीन मिलिमीटर रुंदीची लवचिक टेप न ताणता, बोटाच्या टोकाने थोडी थोडी दाबत पेन्सिलच्या खुणेवर बसवली. एका फेरीला पाऊण तास लागला. टेपच्या कडेवर आधी पुन्हा लालचाच हलका फवारा मारला. कडेखाली काही झिरपलं तर लालच झिरपेल आणि फट बुजेल. त्यावर काळा, तीन पातळ हात.

शेवटचा हात पुरता सुकायच्या आत टेप मागे दुमडून सोलायला घेतली. पहिले दहा सेंटीमीटर मी श्वास धरूनच होतो. काळा जागचा हलला नाही.

मग पुढच्या टोकाशी आणि मागे बुडीचे, म्हणजे बोट पाण्यात किती खोल आहे ते दाखवणारे, आकडे चिकटवले. मीटरमध्ये मोजणाऱ्या जहाजावर ते १० सेंटीमीटर उंच असतात, म्हणजे माझ्या मापाला दोन मिलिमीटर. आकड्याची खालची कड जिथे पाण्याला टेकते ती बुडी. भिंग आणि चिमटा घेऊन एक संध्याकाळ त्यातच गेली. वर अर्धचकाकीचं वार्निश दिलं. बोट दोन आठवडे तिच्या पाळण्यात न ठेवता डेकच्या आधाराने टांगून ठेवली, कारण पुरता न मुरलेला रंग फोमचा ठसा घेतो.

तळ्यावर गेलो तेव्हा वारा नव्हता. बोट पाण्यात ठेवली, रिमोट खाली ठेवला आणि काठावर पालथा पडून पुढचा आकडा वाचला. पाणी ३४ च्या पायाशी होतं. मागे ३६. आणि दोन्हींच्या मधे, सबंध बोटीभोवती, लालची एक बारीक कड.