रिमोट स्टार्टर, गॅरेज आणि एकादशीची सकाळ

कॅनडातल्या कॅलगरी शहरात एका केअर होममध्ये मी रात्रपाळी करते. पाळी सकाळी सातला संपते आणि जानेवारीत त्या वेळी बाहेर मिट्ट अंधार असतो. उणे २८ अंशांत रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत बसणं काय असतं, ते बसल्याशिवाय कळत नाही. सीट फळीसारखी कडक, स्टेअरिंग हातात धरवत नाही, आणि काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता हातमोज्यातली बोटं बधिर होतात. पहिला हिवाळा मी असाच काढला. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्येच ठरवलं, रिमोट स्टार्टर बसवून घ्यायचा, म्हणजे घरात बसून बटण दाबलं की बाहेर गाडीचं इंजिन सुरू.

त्याआधी मी इथले बरेच लोक करतात तेच करत होते. चावी लावून गाडी सुरू करायची, तशीच सोडायची आणि आत येऊन चहा घेत थांबायचं. इथले पोलीस हिवाळ्यात ‘ऑपरेशन कोल्ड स्टार्ट’ नावाची मोहीम काढतात. चावी आत ठेवून चालू सोडलेल्या गाड्या शोधायच्या आणि मालकांना सांगायचं, की चोराला अशी गाडी न्यायला अर्धं मिनिटही लागत नाही. एका सकाळी माझ्याही दाराची बेल वाजली. पोलीसबाई अगदी समजुतीने बोलल्या, पण मला लाज वाटायची ती वाटलीच.

माझी गाडी २०११ची, ऑटोमॅटिक. दुकानातला तंत्रज्ञ पंजाबी, त्यामुळे बोलणं हिंदीतच झालं. त्याचा पहिला प्रश्न होता, “ऑटोमॅटिक की मॅन्युअल?” हे त्याने का विचारलं ते मला लगेच कळलं, कारण मी गाडी शिकले सांगलीत. चढावर गाडी उभी करताना पहिला गिअर टाकून ठेवायचा, हे तिथल्या मास्तरांनी हाडात भिनवलं होतं. अशी गिअरमध्ये उभी केलेली गाडी रिमोटने सुरू केली तर ती जागेवरून उडी घेणार, समोर भिंत असो की माणूस. म्हणून मॅन्युअल गाडीला वेगळी पद्धत लागते. न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू असतानाच चावी काढून बाहेर पडायचं आणि दार लावल्यावर रिमोटने बंद करायचं. मध्ये कोणी दार उघडलं तर यंत्र पुढच्या वेळी सुरूच होत नाही, कारण आत गिअरला कोणाचा हात लागला असेल याचा भरवसा नसतो. महाराष्ट्रात मॅन्युअल गाडीला बाहेरून असं किट बसवून घेणाऱ्यांनी हे आधी विचारावं. ही सोय नसलेलं किट घेऊच नये.

काम पाच तास चाललं. कॅनडात सप्टेंबर २००७पासून विकायच्या नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे. म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. रिमोट स्टार्टरला त्यातून वाट काढावी लागते. त्यासाठी काही ठिकाणी एक जादा चावीच डॅशबोर्डखाली लपवून ठेवतात. मी त्याला नाही म्हटलं. गाडीतच चावी ठेवायची तर चोराला अडवलं कशाने? मॉड्यूल बसवून तेवढ्यापुरता संकेत देण्याची सोय थोडी महाग पडली, पण ती घेतली.

गाडी ताब्यात देताना त्याने दोन गोष्टी करून दाखवल्या. बॉनेट उघडलं आणि मला बटण दाबायला सांगितलं. इंजिन ढिम्म. बॉनेटखाली एक छोटा स्विच असतो, झाकण उघडं असलं की तो स्टार्टरला अडवतो. पट्ट्यात किंवा पंख्यात कोणाचा हात असेल आणि घरातून कोणी बटण दाबलं, तर बोटं जातील. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाने हा स्विच गंजतो, म्हणून दर हिवाळ्याच्या सुरुवातीला मी स्वतः ही परीक्षा घेते. दुसरी गोष्ट, गाडीत बसल्यावर ब्रेकला पाय लावण्याआधी चावी घालून ‘ऑन’पर्यंतच फिरवायची. आधी ब्रेक दाबला तर इंजिन बंद पडतं. काच फोडून आत शिरलेल्या चोराचंही तसंच होतं, तीच तर सुरक्षा आहे. आणि चावी ‘स्टार्ट’पर्यंत नेली तर चालू इंजिनावर स्टार्टर घासून कर्कश आवाज येतो. पहिल्या आठवड्यात माझ्याकडून तो दोनदा आला.

दर दोन-तीन तासांनी गाडी आपोआप सुरू व्हावी किंवा पारा ठरावीक अंशाखाली गेला की सुरू व्हावी, अशीही सोय त्या यंत्रात होती. ती मी बंदच करायला लावली. बाकीच्या सेटिंग्जकडे मात्र लक्ष दिलं नाही. एकदा बटण दाबलं की गाडी सुरू, आणि सुरू झाली की २५ मिनिटं चालू. रिमोट दुहेरी होता, गाडी सुरू झाली की तो टुणकन वाजायचा आणि त्याचा दिवा लुकलुकायचा. माझ्या दोन वर्षांच्या लेकीला तो दिवा फार आवडायचा.

गाडीच्या चोरीच्या अलार्मने तर पहिल्याच महिन्यात जीव नकोसा केला. कॅलगरीत हिवाळ्यात शिनूक नावाचा वारा सुटतो. रॉकी पर्वतावरून उतरताना तो गरम होत येतो आणि काही तासांत पारा वीस अंशांनीही चढवतो. थंडीने गांजलेल्या माणसाला तो देवासारखा वाटतो, पण त्याच्या झोतांनी उभी गाडी हलते आणि अलार्मचा धक्का ओळखणारा सेन्सर जागा होतो. रात्री दोनला सायरन, तीनला सायरन. शेजारच्या आजोबांनी एकदा येऊन हात जोडले. सांगलीहून आलेल्या सासूबाई आधी दचकून उठायच्या, मग नुसत्या कुशीवर वळायला लागल्या. “तुझी गाडी ओरडतेय गं,” एवढंच म्हणायच्या. सेन्सरची संवेदनशीलता कमी करून घ्यायला हवी, हे मला माहीत होतं. पाळ्यांच्या गडबडीत मी ते आज-उद्यावर ढकलत राहिले.

जानेवारीतली एकादशी. आदल्या दिवशी फार बर्फ पडला, म्हणून नेहमी बाहेर असणारी गाडी गॅरेजमध्ये घेतली होती. इकडे गॅरेज घराला चिकटून असतं, मध्ये एक दार. त्या रात्री मी मैत्रिणीच्या गाडीने कामावर गेले, सकाळी येऊन वर झोपले. नवरा सी-ट्रेनने ऑफिसला गेलेला. खाली सासूबाई आणि लेक. कोटाच्या खिशातला रिमोट लेकीच्या हाती कधी लागला, ते कोणाला कळलंही नाही.

मी जागी झाले ती सासूबाईंच्या हाकेने. “अगं, खाली ये बाई, केव्हाची टी-टी करतेय तुझी गाडी. आणि माझं डोकं नुसतं ठणकतंय, उपासाने असेल.” जिन्यात आले आणि तो आवाज नीट ऐकला. चार वेळा टी-टी-टी-टी, थोडं थांबून परत चार वेळा. गाडीचा सायरन असा वाजत नाही. धुराचा अलार्म तीन-तीन वेळा वाजतो. चार-चार वेळा वाजतो तो कार्बन मोनॉक्साइडचा. केअर होममध्ये आम्हाला हे शिकवलेलं आहे.

गॅरेजचं दार उघडून बघायचा मोह झाला, पण उघडलं नाही. लेकीला रजईत गुंडाळलं, सासूबाईंच्या अंगावर माझा कोट टाकला आणि पुढच्या दाराने शेजारच्या आजोबांकडे गेलो. बाहेर उणे २४. सासूबाईंच्या पायात नुसते मोजे होते. ९११ला फोन आजोबांच्या घरातून केला.

अग्निशमन दलाचे लोक मीटर घेऊन आत गेले. गाडी तोवर वेळ संपून आपोआप बंद झाली होती. तरी आमच्या खालच्या खोलीत मीटरने १३० पीपीएम दाखवलं, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे १३० भाग. घरातले हे अलार्म ७० पीपीएमला एक ते चार तासांत, १५०ला दहा ते पन्नास मिनिटांत वाजतात. म्हणजे तो वाजला तेव्हा आत काय साठलं असेल, याचा हिशोब मी आजोबांच्या सोफ्यावर बसून करत होते आणि लेकीला सोडवत नव्हतं.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखणं, मळमळ, ग्लानी ही त्याची लक्षणं उपासाच्या पित्तासारखीच असतात. सासूबाईंनी ते एकादशीवर ढकललं, यात त्यांची काही चूक नव्हती. आणखी एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतं. कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं आणि ते खुशाल ९८ दाखवतं. ॲम्ब्युलन्सवाल्यांकडे वेगळं उपकरण होतं. सासूबाईंना आणि लेकीला मास्क लावून ऑक्सिजन दिला, रुग्णालयात रक्त तपासलं. संध्याकाळी दोघी घरी आल्या. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “वाऱ्याने ओरडतेय असंच वाटलं गं मला. रोजचंच म्हटलं.”

ते वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. अलार्म खोटा वाजू देऊन मी घराला अलार्म न ऐकायची सवय लावली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दुकानात गेले. सेन्सर इतका उतरवून घेतला, की मुठीने काच ठोकली तर वाजेल, वाऱ्याने नाही. गाडी सुरू करायला आता बटण दोनदा दाबावं लागतं, तेही पहिल्यांदा दाबून धरून. चालू राहण्याची वेळ दहा मिनिटांवर आणली. खरं तर इतकीही लागत नाही. कॅनडाचं नैसर्गिक संसाधन खातं सांगतं, की थंडीतही बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटं पुरतात. कडाक्याच्या थंडीत ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम करणारा विजेचा हीटर, टायमरवर टाकून निघण्याआधी दोन तास लावला, तर इंजिन निम्मं काम आधीच उरकतं. फक्त निघताना वायर काढायला विसरायचं नाही.

व्हॅले मोडही तेव्हाच शिकून घेतला. तो लावला की रिमोटने इंजिन सुरूच होत नाही. गाडी गॅरेजात आली की आधी व्हॅले मोड, मगच चावी हातातून खाली. मेकॅनिककडे देतानाही तसंच. “दार उघडं ठेवून गॅरेजमध्ये दोन मिनिटं चालवली तर?” असं मंडळातल्या मैत्रिणी विचारतात. आयोवा स्टेट विद्यापीठाने हेच करून पाहिलं आहे. दार उघडं असताना दोन मिनिटं गाडी चालवली, तर गॅरेजमध्ये ५०० पीपीएमपर्यंत वायू साठला, आणि गाडी बाहेर काढल्यावर दहा तासांनीही तो मोजता येत होता. तेव्हा दार उघडं असलं तरी नाही.

बाहेरही गाडी कशी उभी आहे ते महत्त्वाचं. मी ती घराकडे तोंड करून लावते, म्हणजे सायलेन्सर रस्त्याकडे राहतो. बर्फ पडला असेल तर आधी फावड्याने सायलेन्सरचं तोंड मोकळं करते, नाहीतर धूर गाडीखाली कोंडून आत शिरतो. वायपर आदल्या रात्रीच बंद करून ठेवते, कारण काचेला गोठलेले वायपर गाडी सुरू होताच ओढू लागले तर मोटर जळू शकते. रिमोट आता दाराच्या वरच्या फळीवर, लेकीचा हात पोहोचणार नाही अशा डब्यात असतो. कार्बन मोनॉक्साइडचा आणखी एक अलार्म वर झोपायच्या खोलीबाहेर लावला आहे. दोन्ही अलार्मचं बटण महिन्यातून एकदा दाबते आणि लेकीला विचारते, “हा कोणाचा आवाज?” ती चार बोटं दाखवते.

सासूबाई सांगलीला परतल्या त्याला दीड वर्ष झालं. माझी पाळी सुटते तेव्हा तिकडे संध्याकाळ असते आणि त्यांचा फोन येतोच. थंडी किती, नात काय करते, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न असतो, “गाडी कुठे उभी केलीस?”

“बाहेर, आई. पार्किंगमध्ये. मला इथून दिसतेय.”

“मग दाब,” त्या म्हणतात.