चरात उतरण्याआधी काठ बघा

सांगलीकडच्या काळ्या रानात खोदलेला चर भिंतीसारखा सरळ उभा राहतो आणि तिथंच फसगत होते. ही माती भिजली की फुगते, वाळली की तडकते. तडे खोलवर उभे जातात. चर खोदला की तड्याच्या अलीकडच्या मातीला एका बाजूचा आधार उरत नाही आणि सगळा पट्टा एकदम आत येतो. एक घनमीटर माती सुमारे 1.7 टन भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचं तोंड उघडं असलं तरी त्याला श्वास घेता येत नाही.

म्हणून तपासणी वरून सुरू करा. चराच्या दोन्ही अंगांना, काठापासून थोडं मागं राहून, चराला समांतर भेग आहे का ते बघत चाला. भेग दिसली की कुणालाही उतरू देऊ नका. ती मातीनं बुजवून भागत नाही. काठ उतरता कापा, नाहीतर फळ्या-बल्ल्यांचा आधार द्या. दीड मीटरपेक्षा खोल चराला तसंही यातलं एक हवंच.

उपसलेली माती काठापासून 1.5 मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यातलं जे जास्त असेल तिथं टाका. चार मीटर खोलीला दोन मीटर. जेसीबीवाला हात पोचेल तिथंच ढीग करतो, त्याला चुन्याची रेघ मारून द्या. चर 1.2 मीटरला पोचला की दर 30 मीटरला एक शिडी, काठाच्या वर 90 सेंटिमीटर.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट विचारा: शेजारच्या रानाला पाण्याची पाळी कधी? रात्री पाणी सुटलं की सकाळी भिंतीला पाझर फुटलेला असतो, पाऊस नसतानाही. चरातलं पाणी उपसणाऱ्या पंपातून गढूळ पाणी सतत येत असेल तर भिंतीखालची माती निघून चालली आहे. भिंतीला पोट सुटलं असेल तर माणसं ताबडतोब वर.

ही पाहणी रोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर पुन्हा व्हावी. करणाऱ्याला काम थांबवायचा अधिकार हवा; मुकादमाला विचारून थांबवणं उपयोगाचं नाही.

माती ढासळलीच, तर मागोमाग कुणी उडी मारू नये, दुसरा पट्टाही येऊ शकतो. अडकलेल्या माणसाजवळ जेसीबीचं बकेट नको. 112 ला फोन करा.

आधार काढतानाही घाई नको. भराव टाकत, खालून वर, एकेक काढा.