कुत्र्याचा टॅक्स, मालकाची परीक्षा आणि आमचा गुंड्या

भारतात कोणाशीही फोनवर बोलताना जर्मनीत कुत्र्यावर टॅक्स लागतो असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "का, त्याला पगार आहे का?" हा जोक आमच्याकडे इतक्यांदा होऊन गेलाय की नवरा आता समोरच्याने तोंड उघडायच्या आतच उत्तर देऊन टाकतो. पण कर खरंच आहे. हुंडेश्टॉयर म्हणतात त्याला, जिथे राहता तिथली पालिका घेते आणि दर प्रत्येक गावाचा वेगळा, बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याचे वर्षाला 120 युरो आणि दुसरा आणलात तर त्याचे 180. प्रशियात 1810 साली चैनीच्या गोष्टींवर कर बसवले त्यात कुत्रीही धरली होती, ते राज्य कधीच गेलं, कर राहिला. बरं, हे पैसे कुत्र्यांसाठीच खर्च करायचे असंही बंधन नाही, पालिकेला वाटलं तर रस्ता दुरुस्त करेल. इथले कुत्रेवाले यावर भरपूर कुरकुरतात आणि कुरकुरत वेळेवर भरतात.

माझं विचाराल तर कर हा सगळ्यात सोपा भाग. बँकेतून पैसे कापले गेले की विषय संपला. बाकीचं मात्र दुसऱ्याकडून कापून घेता येत नाही, ते रोज स्वतःच करावं लागतं.

आम्ही हॅनोव्हरला राहतो, म्हणजे नीडरझाक्सन राज्यात, आणि इथे जुलै 2013 पासून पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्या माणसाला परीक्षा द्यावी लागते. कुत्र्याला नाही, माणसाला. कुत्रा घरी आणायच्या आधी लेखी आणि आणल्यावर वर्षभराच्या आत प्रॅक्टिकल. गेल्या दहा वर्षांत सलग दोन वर्षं कुत्रा सांभाळला असेल तर सूट मिळते, पण माझी माहेरची कुत्री त्याआधीची, त्यामुळे "अहो मी कुत्र्यांतच वाढलेय" या वाक्याचा काही उपयोग झाला नाही. लेखीत पाठांतर फार नव्हतं, पण कुत्र्याने जांभई दिली, ओठ चाटले, मान वळवली तर त्याला काय म्हणायचंय असले प्रश्न होते आणि तेव्हा कळलं की लहानपणी आम्ही आमच्या मोतीला घट्ट मिठी मारायचो तेव्हा तो बिचारा दर वेळी तोंड फिरवून "पुरे आता" असंच सांगत होता. प्रॅक्टिकलमध्ये परीक्षक आपल्याबरोबर रस्त्यावर फिरतो, सायकलवाले, धावणारे, प्रॅममधली बाळं, समोरून येणारा दुसरा कुत्रा, अशा गर्दीत आपण कुत्र्याला कसं सांभाळतो ते बघतो. आमच्या गुंड्याने एका कबुतराकडे बघून विचार बदलला, एवढंच.

गुंड्या रोमानियाचा आहे. तिथे भटकी कुत्री खूप आणि बऱ्याच संस्था त्यांना जर्मनीत आणून घरं शोधतात. दिसायला तो अगदी हमखास आपल्याकडचा गल्लीतला, तांबूस अंग, एक कान उभा एक पडलेला, शेपटी वर वळलेली. इथे लोक थांबून अगदी आदराने विचारतात की ब्रीड कोणतं, आणि भारतातून आलेले मित्र बघतात आणि म्हणतात, एवढा खर्च करून हा?! संस्थेने देताना लस, कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप, निळा युरोपियन पासपोर्ट आणि लीशमनायसिसची टेस्ट, एवढं सगळं दिलं, कारण दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्या कुत्र्यांमध्ये असे आजार असू शकतात. त्याआधी एक बाई आमचं घर बघायला आली होती, बाल्कनीचा कठडा केवढा, दिवसात किती तास घर रिकामं असतं, आम्ही भारतात गेलो की कुत्रा कुठे असणार. लग्नाच्या वेळी माझ्या सासरच्यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

मग कागदपत्रं. चिपचा पंधरा आकडी नंबर राज्याच्या रजिस्टरमध्ये नोंदवायचा, पालिकेत कराची नोंद वेगळी, आणि शिवाय टासो नावाची संस्था आहे तिथे फुकटात नोंद होते, ती नक्की करावी, कारण कुत्रा हरवला की चिपवरून मालक शोधायला तीच कामाला येते. आणि लायबिलिटी इन्शुरन्स आमच्या राज्यात सक्तीचा आहे, माणसाला इजा झाली तर निदान पाच लाख युरोचं कव्हर हवं. आकडा ऐकून गरगरायला होतं पण हप्ता तसा फार नसतो. कारण असं की इथल्या दिवाणी कायद्याच्या कलम 833 प्रमाणे आपल्या पाळीव कुत्र्याने काही केलं की जबाबदारी आपली, चूक आपली होती का नव्हती हा प्रश्नच नाही. कुत्रा सायकलवाल्याला आडवा गेला, तो पडला, हात मोडला, तर त्याचा दवाखाना आणि बुडालेला पगार दोन्ही आपल्याकडून. त्यामुळे "आमचा काही करत नाही हो" हे वाक्य इथेही लोक लांबून ओरडून सांगतात पण त्यावर सगळे हसतात.

आता रोजचं. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी फिरायला, दुपारी एक लांब फेरी आणि झोपायच्या आधी छोटी. पाऊस असो, बर्फ असो, तुम्हाला ताप असो. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो, म्हणून गुंड्याच्या गळ्यात दिव्याचा पट्टा आणि माझ्या जॅकेटवर चमकणारी पट्टी, दोघं मिळून छोटी मिरवणूक निघाल्यासारखे दिसतो. 2022 पासून तर कायद्यातच आहे की कुत्र्याला पुरेसा वेळ बाहेर मोकळं फिरू दिलं पाहिजे आणि माणसांचा सहवास मिळाला पाहिजे, 2020 मध्ये पहिला मसुदा आला तेव्हा त्यात रोज दोनदा मिळून निदान एक तास असं लिहिलं होतं आणि त्यावर पेपरात भरपूर चेष्टा झाली की आता पोलीस घड्याळ घेऊन येणार का. शेवटी तासाचा आकडा काढला. पण माझ्या मते आकडा असता तरी वाईट नव्हतं. साखळीने बांधून ठेवण्यावर आता बंदी आहे आणि ट्रेनिंगसाठी काटेरी पट्टे किंवा शॉक देणारे पट्टेही चालत नाहीत. गच्चीवर दिवसभर बांधलेला लॅब्रेडॉर आणि अंगणात गंजकी साखळी हे ज्यांनी आपल्याकडे बघितलंय त्यांना यातलं काय म्हणायचंय ते कळेल, मी वेगळं लिहीत नाही.

हॅनोव्हरच्या मधोमध आयलेनरीड नावाचं मोठं जंगल आहे, आम्ही तिथेच जातो. 1 एप्रिल ते 15 जुलै या काळात आमच्या राज्यात रानात, शेताजवळ कुत्र्याला पट्ट्यातच ठेवावं लागतं, कारण तेव्हा पक्षी अंड्यावर असतात, हरणांची पाडसं गवतात लपलेली असतात. नेमकं तेव्हाच हवा छान असते, त्यामुळे गुंड्याच्या दृष्टीने हा अन्याय आहे, मग मी दहा मीटरचा लांब पट्टा वापरते आणि झाडाझुडपांतून तो सोडवत बसते. याच दिवसांत गोचिड्या. घरी आलं की दारातच कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून बघायचं, सापडली तर गोचीड काढायचा छोटा हुक मिळतो त्याने हळू काढायची, तेल-बिल लावत बसायचं नाही. गोचिडीमुळे होणारा लाइमचा आजार माणसांनाही होतो त्यामुळे त्याच्याबरोबर स्वतःचे पायही तपासायचे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ आणि खडी टाकतात त्याने पंजे फाटतात, म्हणून बाहेर पडायच्या आधी मलम आणि आल्यावर कोमट पाण्याने पाय धुणे.

आणि शी उचलणे. हो, उचलायची, दर वेळी, पिशवीने. माझ्या प्रत्येक कोटाच्या खिशात पिशव्या असतात, ऑफिसच्या ब्लेझरमध्येसुद्धा, आणि एकदा मीटिंगमध्ये पेन काढताना त्यांचा रोल टेबलावर घरंगळला तर शेजारचा सहकारी शांतपणे म्हणाला की माझ्याकडे पण हाच ब्रँड आहे.

याच्या बदल्यात मिळतं काय? तर कुत्रा बरोबर नेता येतो. रेस्टॉरंटमध्ये आपण मेन्यू बघेपर्यंत त्याच्यासाठी पाण्याचं भांडं आलेलं असतं, तो टेबलाखाली झोपतो. बऱ्याच ऑफिसांत नेता येतो, विचारून. ट्रेनमध्ये मांजराएवढा कुत्रा पिंजऱ्यात असेल तर फुकट, मोठ्याला स्वतःचं तिकीट, पट्टा आणि तोंडाला मुसकं, आणि तिकीट काढलं तरी सीट त्याला नाही. मुसक्याची सवय लावायला आम्हाला बरेच आठवडे लागले, आतून लेबरवुर्स्टची म्हणजे लिव्हरच्या सॉसेजची पेस्ट लावायची आणि त्याने आपणहून तोंड घालेपर्यंत थांबायचं, ओढाताण केली की संपलं. सुपरमार्केट आणि बेकरीत मात्र बंदी, दारावर कुत्र्याचं चित्र आणि खाली "आम्हाला बाहेर थांबावं लागतं" असं लिहिलेलं. कुत्री खरंच थांबतात.

लोक इथल्या कुत्र्यांची शिस्त बघून म्हणतात की यांची जातच शांत असते. जात कसली, गुंड्या रस्त्यावरचा आहे. ते सगळं लहानपणापासून हुंडेशूलमध्ये म्हणजे कुत्र्यांच्या शाळेत जाऊन आणि नंतर रोज थोडं थोडं करून येतं, त्यात ट्रेनर निम्मा वेळ माणसालाच शिकवतो. दुसऱ्याच्या कुत्र्याला कोणी न विचारता हात लावत नाही आणि पट्ट्यावरच्या दोन कुत्र्यांना नाकाला नाक भिडवू देत नाही, एवढ्या दोन गोष्टींनी अर्धी भांडणं टळतात.

डॉक्टर महाग आहे. प्राण्यांच्या डॉक्टरांचे दर सरकारने ठरवलेले असतात, नोव्हेंबर 2022 मध्ये ते वाढले, नुसतं तपासायचे 23.62 युरो, वर व्हॅट, आणि हा सगळ्यात कमी दर, डॉक्टर त्याच्या तिप्पट लावू शकतो. रात्री किंवा रविवारी इमर्जन्सीत नेलं तर 50 युरोची वेगळी फी आणि दर दुपटीपासून चौपटीपर्यंत. पाय मुरगळला तरी एक्सरे, औषध धरून बिल कुठच्या कुठे जातं, म्हणून आम्ही ऑपरेशनचा इन्शुरन्स काढलाय.

सासूबाई आल्या होत्या तेव्हाची गंमत वेगळीच. आधी "त्याला स्वयंपाकघरात येऊ देऊ नको" पासून सुरुवात आणि मग आठवड्याभरात मी ऑफिसातून आले तर शिऱ्याचा वास आणि गुंड्या त्यांच्या पायाशी. "अहो आई, बेदाणे नाही ना दिले?" मनुका, बेदाणे, द्राक्षं कुत्र्यांच्या किडनीला घातक, थोडेसुद्धा नको, कांदा-लसणाने रक्त खराब होतं, चॉकलेट आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल तर नकोच नको. त्यांनी बेदाणे निवडून बाजूला काढले होते, "मला काय कळत नाही का, तू फ्रिजवर लिहून ठेवलंयस की". त्यानंतर त्याला रोज साधा दहीभात मिळायचा, फोडणीशिवाय, आणि तो माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकायला लागला.

भारतातून स्वतःचा कुत्रा आणायचा असेल तर, कारण हा प्रश्न खूप जण विचारतात: आधी चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर निदान 30 दिवसांनी रक्त काढून युरोपने मान्य केलेल्या लॅबमध्ये अँटिबॉडी टेस्ट, त्यात अँटिबॉडीचं प्रमाण निदान 0.5 IU/ml यायला हवं, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चारेक महिने जातात, तेव्हा जॉब ऑफर हातात आली की दुसऱ्या दिवशी चिप लावून घ्या, तिकिटाचं नंतर बघता येईल. भाड्याच्या घराचं म्हणाल तर 2013 च्या इथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर करारात "कुत्री-मांजरी अजिबात नाही" असं छापून सरसकट बंदी घालता येत नाही, घरमालकाला तुमचं प्रकरण बघून ठरवावं लागतं. प्रत्यक्षात मात्र घर शोधतानाच सांगितलेलं बरं, नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो.

राहिला डिसेंबर. इथे मोठे फटाके वर्षातून साधारण 29 ते 31 डिसेंबर एवढेच दिवस विकतात आणि लोक सगळं साठलेलं त्या एका रात्रीत उडवतात. गुंड्या बाथरूममध्ये टबच्या मागे जाऊन बसतो, आम्ही तिथेच गादी टाकतो, पंखा मोठ्याने लावतो, त्या आठवड्यात बाहेर जाताना गळ्यात एक आणि छातीला एक असे दोन पट्टे, कारण आवाजाने घाबरून सुटलेली कुत्री तेव्हा सगळ्यात जास्त हरवतात. काही लोक तर विमानतळाजवळच्या हॉटेलात राहायला जातात, तिथे आसपास फटाक्यांना बंदी असते म्हणून. त्या रात्री त्याला पेन्शनमध्ये म्हणजे कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवायला माझं मन होत नाही, तेव्हा ज्यांनी ज्यांनी डिसेंबरातल्या लग्नांची आमंत्रणं पाठवली आहेत त्यांनी रागावू नका, आम्ही फेब्रुवारीत येतोय, आहेर तेव्हा आणतो.